मोनाकाची हजामत

तेरावं लागलेल्या कुत्र्यांचे केस आम्ही कापत नाही, असं स्टेशनजवळच्या त्या चकाचक दुकानातल्या मुलीनं तेत्सुओ इतागाकीला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा कमरेत वाकून सांगितलं. दुकानाचा नियमच तसा होता. दहा वर्षांपर्यंत काही प्रश्न नाही, त्यानंतर डॉक्टरांची चिठ्ठी आणा, आणि तेरावं लागलं की नमस्कार. टेबलावर तासभर उभं राहून म्हाताऱ्या कुत्र्यांचं हृदय बंद पडतं म्हणे आणि मग मालक दुकानाच्या नावानं बोटं मोडतात. मोनाकाला मागच्याच महिन्यात तेरावं लागलं होतं.

तेत्सुओ स्वतः शहात्तर वर्षांचा. अठ्ठावन्न वर्षं त्यानं या गावातल्या पुरुषांच्या दाढ्या केल्या, केस कापले. गिऱ्हाईक म्हातारं झालं म्हणून त्यानं कधी कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं. उलट म्हाताऱ्यांना चालवेनासं झालं की तोच पेटी उचलून त्यांच्या घरी जायचा. दोघा-तिघांची शेवटची दाढी तर ते गेल्यावर, पांढऱ्या चादरीवर, त्यानंच केली होती. त्यामुळे हा नियम ऐकून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या मी आलो तर मलाही हेच सांगशील का, असं त्यानं त्या मुलीला विचारलं. ती बिचारी गोंधळली आणि म्हणाली की इथे माणसांचे केस कापतच नाहीत.

तो कुत्रीला कोटात घालून घरी परतला. गावभर घरांच्या वळचणीला मीठ लावलेले सामन मासे लटकत होते. त्यांचा वास मोनाका नाक वर करून घेत होती. तिला आपला पाणउतारा झाल्याचं काही कळलं नव्हतं.

मुळात ही कुत्री त्याची नव्हतीच, त्याच्या बायकोची, फुमिएची होती. जर्दाळूच्या रंगाची, दोन्ही हातांत मावणारी पूडल. दर महिन्याला फुमिए तिला त्याच दुकानात न्यायची आणि ती गोलमटोल होऊन परत यायची. घरात हाडाचा न्हावी बसलेला असताना कुत्री बाहेर कशाला न्यायची, असं तेत्सुओनं एकदा विचारलं होतं. फुमिएनं कुत्रीला घट्ट छातीशी धरलं. "तुमच्या हातात दिली तर मासळीबाजारातल्या पन्नाशीच्या आडत्यासारखी दिसेल," ती म्हणाली. तेत्सुओला राग आला होता, कारण ते खरं होतं. त्याला तीनच प्रकारचे केस कापता यायचे, आणि तिन्ही आडत्यांनाच शोभणारे होते.

गेल्या हिवाळ्यात फुमिए गेली. उन्हाळ्यात तेत्सुओनं एकदा मोनाकाला दुकानात नेलं. तिथल्या सगळ्या मुली फुमिएला ओळखत होत्या, सगळ्यांनी तिच्याबद्दल विचारलं, एक तर रडली. त्यानंतर तिथे जायचं त्याच्या जिवावर येऊ लागलं. आज नेऊ, उद्या नेऊ करताना पाच महिने गेले आणि मोनाकाच्या अंगावर जटा धरल्या. चूक त्याची होती. ते त्याला माहीत होतं, म्हणून तर कुणी बोलून दाखवलेलं त्याला चालत नव्हतं.

बोलून दाखवलं ते मुलानं. नोबुहिको दूर साइतामाला राहायचा आणि दर रविवारी फोनवर तोंड दाखवायचा. त्या रविवारी मोनाका मध्येच कॅमेऱ्यासमोर आली.

"बाबा, ही कुत्री आहे की पायपुसणं?"

दुकानानं नकार दिल्याचं तेत्सुओनं सांगितलं. वास्तविक सांगायला नको होतं. नोबुहिकोकडे उत्तर तयारच होतं. त्याच्या भागात डोंगरात म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी एक घर होतं. तिथे डॉक्टर होता, ऊबदार फरशी होती, केस कापायला माणसं होती. त्यानं अर्ज भरूनही ठेवला होता. आईच्या वर्षश्राद्धाला तीन आठवड्यांनी येईन तेव्हा गाडीत पिंजरा घेऊनच येतो, म्हणाला. तेत्सुओनं विरोध केला तसा त्याचा आवाज चढला.

"आईची आठवण म्हणून त्या मुक्या जिवाचे हाल करायचे का? आणि तुमचे हात बघा जरा. कपातला चहा हिंदकळतोय."

तेत्सुओनं कप खाली ठेवला. हात थरथरत होते, ही काही नवी बातमी नव्हती. तीन वर्षांपूर्वी मठातल्या महाराजांचं डोकं तासताना वस्तरा घसरला होता आणि त्यांच्या कानामागे बोटभर कापलं होतं. त्याच संध्याकाळी फुमिएनं घरातल्याच दुकानाबाहेरच्या, न्हाव्याची खूण असलेल्या लाल-निळ्या फिरत्या खांबाचं बटण बंद केलं. तेव्हापासून खुर्चीवर चादर होती आणि महाराज मशीननं आपलं डोकं आपणच उरकत होते.

त्या रात्री तेत्सुओला एक गोष्ट स्वच्छ दिसली. आज कुत्रीचा अर्ज भरलाय. ही गेली की घरात कुणी राहणार नाही, मग पोरगा म्हणेल, एकटे कशाला राहता? आणि दुसरा अर्ज आपल्या नावाचा निघेल. तिथेही ऊबदार फरशी असेल. नाही जायचं, त्यानं ठरवलं. मोनाका जाणार नाही आणि मीही जाणार नाही.

सकाळी त्यानं खुर्चीवरची चादर ओढून काढली. लहान मुलांना बसवायची फळी फडताळातून काढून खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी ठेवली. फळीच्या कडेला दातांचे व्रण होते. तीन वर्षांच्या नोबुहिकोनं पहिल्या हजामतीला चिडून ती चावली होती. तेत्सुओनं फळीवर पंचा घातला, मोनाकाला बसवलं, वाफेच्या पेटीत पंचे गरम केले आणि एक एक करून तिच्या अंगाला गुंडाळले. केस कुणाचेही असोत, आधी वाफ, मग साबण-पाणी, मग कात्री, हे त्याच्या हातांत अठ्ठावन्न वर्षं मुरलं होतं. मोनाकाही डोळे मिटून सुखावली. खुर्चीपुढच्या कुंडीत त्यानं तिला छान धुतलं, पुसलं आणि रॉकेलच्या शेगडीपाशी वाळायला ठेवलं. मग चहा घेतला. फार दिवसांनी त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता.

दुपारी फणी लावली तर ती आत शिरेना. सकाळपर्यंत निदान जटा होत्या. आता लोकरीचा स्वेटर उकळत्या पाण्यात टाकावा तसं सगळं आवळून कातडीला चिकटलं होतं. पूडलच्या जटांना आधी पाणी लावायचंच नसतं. विंचरून मोकळं करायचं, मग धुवायचं, आणि धुतल्यावर गरम वाऱ्यानं केस न् केस सरळ करत वाळवायचं. हे फुमिएला ठाऊक होतं, त्या वाकणाऱ्या मुलीला ठाऊक होतं, बहुधा मोनाकालाही ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त अठ्ठावन्न वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला.

शेजारची सुमी माशाच्या डोक्यांचा रस्सा घेऊन आली तेव्हा तो फणी हातात धरून नुसता बसला होता. सुमीचं सामनचं दुकान होतं, नवरा वारलेला, जीभ शाबूत. तिनं मोनाकाला दोन बोटांनी चाचपलं.

"तेत्सुसान, हिचा तर लोकरी नमदा केलास. आता मशीन फिरव आणि सपाट करून टाक."

"बर्फ पडायच्या दिवसांत? आणि टकली करून नोबुहिकोच्या हातात देऊ? तो म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हतो?"

"मग काय करणार?"

"सोडवणार."

सुमी हसली, पण गेली नाही. तिचा नवरा नदीत जाळी लावायचा, आणि फाटलेली, गुंतलेली जाळी तीच सोडवत बसायची. तिनं स्टूल ओढलं, पंज्यावरची एक जट घेतली आणि बुडाशी चिमटीत पक्की धरली.

"मधून ओढू नकोस. माझा नवरा तेच करायचा आणि दिवसभर शिव्या घालत बसायचा. टोकाकडून सुरू कर. आणि इथे बुडाशी असं धर, म्हणजे तिला ओढ बसणार नाही."

अर्ध्या तासात करंगळीएवढी जट मोकळी झाली. तेत्सुओनं मनात हिशेब केला. अख्खी कुत्री शिल्लक होती, आणि हातात होते जेमतेम वीस दिवस.

मग तो हट्टाला पेटला. सकाळी दहा मिनिटं, दुपारी दहा, संध्याकाळी दहा. त्याहून जास्त वेळ मोनाकाला धाप लागायची, आणि ती मेली तर जिंकून करायचं काय? रस्सा दाट करायचं बटाट्याचं पीठ तो जटांत चोळायचा, कात्रीचं टोक केसांच्या दिशेनं घालून जट उभी चिरायचा आणि टोकाकडून फणी चालवायचा. पहिल्याच आठवड्यात ती त्याच्या अंगठ्याला चावली. दात तीन-चारच उरले होते, त्यामुळे जखम झाली नाही, पण तिचा मान राखला गेला. त्यानं तिची रीतसर माफी मागितली.

हात थरथरतच होते. पण कात्री उचलण्याआधी करंगळी तिच्या अंगावर टेकवली की थरथर तिच्यात उतरायची आणि पाती स्थिर राहायची. उस्तादानं पंधराव्या वर्षी शिकवलं होतं, करंगळी गिऱ्हाइकावर टेकव. मोनाकाही वयानं थरथरायचीच. दोघं आपापली थरथर सांभाळत फळीपाशी भिडलेली असायची, आणि तेत्सुओ तिला मेलेल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचा. "हलू नकोस," तो अधूनमधून म्हणायचा. ती हलायची नाही.

या दिवसांत नोबुहिकोचे फोन आले तेव्हा त्यानं फोन छताकडे तोंड करून ठेवला. कुत्री कशी आहे, असं विचारल्यावर, आहे, एवढंच म्हणाला.

शेवटच्या आठवड्यात एकच जट उरली, पोटाखाली, मागच्या पायाच्या जांघेपाशी. तिथली कातडी कागदासारखी पातळ. दोन दिवस त्यानं प्रयत्न केला आणि हात मागे घेतला. एवढ्यानं काय होतंय, कापून टाक, सुमी म्हणाली. तेत्सुओनं खिडकीतून तिच्याच वळचणीला लटकलेल्या माशांकडे बोट केलं. त्या प्रत्येक सामनच्या पोटावरची चीर मध्येच थांबवलेली होती. दोन बोटं पोट जोडलेलं ठेवलेलं. गावात जुन्या काळापासून पोट पूर्ण चिरत नाहीत. ते स्वतःचं पोट चिरून घेणाऱ्या सामुरायांच्या मरणासारखं दिसतं म्हणून.

"माशाचंही पूर्ण चिरत नाहीस तू. मी हिचं चिरू?"

सुमीनं कात्री उचलून परत पेटीत ठेवली.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यानं मोनाकाला धुतलं, गरम वाऱ्यानं वाळवलं आणि कात्रीनं आकार दिला. दुकानात द्यायचे तसा टेडीसारखा गोल आकार त्याला येत नव्हता. त्यानं जो येत होता तो दिला. कानांजवळ बारीक, मानेवर चढतं, डोक्यावर थोडं भरीव, एका बाजूला वळवलेलं. काम झाल्यावर त्यानं खुर्ची आरशाकडे फिरवली. आरशातून मासळीबाजारातला पन्नाशीचा आडत्या त्याच्याकडे बघत होता, भाव पाडून मागितल्यासारखा नाखूश.

तेत्सुओ हसायला लागला. फुमिएचं म्हणणं अक्षरशः खरं झालं होतं, आणि ते सांगायला घरात फुमिए नव्हती. हसता हसता त्याला इतकं रडू आलं की कात्री बाजूला ठेवावी लागली. वर्षभरात तो असा रडला नव्हता. मोनाका फळीवर बसून ते सगळं गंभीरपणे पाहत राहिली.

नोबुहिको दुसऱ्या दिवशी सकाळी आला. एका हातात फुलं, एका हातात पिंजरा. पिंजरा त्यानं दाराशी ठेवला, बूट काढले, आईच्या तसबिरीला हात जोडले आणि मग मोनाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर फळी तशीच होती. तिच्या कडेवरून त्यानं नकळत अंगठा फिरवला.

"कुणी केलं हे?"

"या घरात न्हावी किती आहेत?"

नोबुहिको खाली बसला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तो अर्ज भरायचा, लहानपणापासून. त्यानं समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली. आज जमलं, छान झालं, पण दर महिन्याला कसं जमेल? एक दिवस हात घसरेल, कुत्रीला लागेल, मग तुम्हालाच आयुष्यभर खात राहील.

"तिच्या अंगावर एक ओरखडा दाखव," तेत्सुओ म्हणाला. "एक दाखव आणि घेऊन जा. मी ब्र काढणार नाही."

नोबुहिकोनं खरंच शोधलं. चष्मा वर करून, केस बाजूला करून, कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत. मोनाकानं सगळं करू दिलं. पोटाखाली त्याच्या हाताला ती जट लागली आणि तो थांबला.

"हे राहिलंय."

"राहिलं नाही. ठेवलंय."

त्यानं कारण सांगितलं नाही. नोबुहिको याच गावात वाढला होता. त्यानं खिडकीबाहेरच्या माशांकडे पाहिलं, जटेवरून बोट फिरवलं आणि कुत्रीला अलगद खाली ठेवलं. पिंजरा मात्र दाराशी तसाच होता. तेत्सुओला ते सहन होईना. त्यानं फळी काढली आणि खुर्चीवर थाप मारली.

"बस. महाराज यायला अर्धा तास आहे. मानेवरचे केस बघ कसे वाढलेत, आईच्या श्राद्धाला असा बसणार?"

"बाबा, नको."

"भीती वाटते तर सरळ म्हण. आईसमोर म्हण."

नोबुहिको अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि अठरा वर्षांचा असल्यापासून त्या खुर्चीत बसला नव्हता. तो बसला. तेत्सुओनं त्याच्या गळ्याभोवती पंचा खोचला, मानेला फेस लावला, वस्तरा पट्ट्यावर घासला. करंगळी टेकवली. उजवी बाजू लोण्यासारखी झाली. तो डावीकडे वळला आणि कानाखाली, अगदी पहिल्याच फटक्याला, पातं अडकलं.

लाल रेघ तेत्सुओला आधी दिसली. मग नोबुहिकोचा खांदा किंचित आखडला. तेत्सुओनं तुरटी लावली, वर कापसाचा बोळा चिकटवला. संपलं, त्याच्या मनात आलं. वीस दिवस कुत्रीला जपलं आणि पोराला कापलं. तेवढ्यात दारात महाराजांची हाक ऐकू आली आणि नोबुहिको अर्धी मान तशीच ठेवून उठला. पिंजऱ्याला वळसा घालून तो त्यांना घ्यायला गेला.

महाराजांनी मंत्र म्हटले, उदबत्ती लावली. मोनाका फुमिएच्या आसनावर जाऊन बसली आणि कुणी तिला उठवलं नाही. तेत्सुओचं मंत्रांत लक्ष नव्हतं. तो दाराशी ठेवलेल्या पिंजऱ्याकडे बघत होता. सगळं झाल्यावर चहा आला, तेव्हा महाराजांचं लक्ष नोबुहिकोच्या मानेवरच्या कापसाकडे गेलं.

"हे काय लागलं?"

"काही नाही, महाराज. सकाळी निघायच्या घाईत दाढी केली, हात चुकला."

तेत्सुओनं मुलाकडे पाहिलं. पोरगा आपल्याला झाकत होता. लहान मुलानं अंथरूण ओलं केलं की पाहुण्यांपुढे आई झाकते तसं. सुटायला ती चांगली वाट होती. पण अशी वाट धरून घरात राहायचं तर उद्या प्रत्येक गोष्ट दुसऱ्यानंच झाकावी लागणार.

"खोटं बोलतोय," तेत्सुओ म्हणाला. "मी कापलं. आत्ता, इथे, त्या खुर्चीत."

महाराजांनी स्वतःच्या कानामागे हात नेला. तिथली जुनी रेघ त्यांनी बोटानं चाचपली आणि चहाचा घोट घेतला.

"मला वाटलंच. हात ओळखीचा आहे."

नोबुहिकोला हसू फुटलं. दाबायला गेला आणि आणखीच फुटलं. तेत्सुओ मात्र हसला नाही.

"माझा हात थरथरतो. मला माहीत आहे, गावाला माहीत आहे. तरी या कुत्रीची हजामत मीच करणार. तिच्या अंगावर ओरखडा आहे का, विचारा याला. यानं शोधलाय."

महाराजांनी नोबुहिकोकडे पाहिलं. नोबुहिकोनं कप खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "एकही नाही."

महाराज गेल्यावर सुमी दोन सामन घेऊन आली, साइतामाला न्यायला. मासे गाडीत घरंगळू नयेत म्हणून तिनं कुणाला न विचारता ते दाराजवळच्या पिंजऱ्यात घातले आणि कडी लावली. नोबुहिकोनं पाहिलं. त्यानं कडी काढली नाही.

तो आत गेला, जाकीट काढून खुंटीला टांगलं आणि खुर्चीत बसला. मानेवरचा कापूस स्वतःच काढून टाकला.

"डावी बाजू राहिलीय, बाबा."

तेत्सुओनं फेसाची वाटी घेतली, वस्तरा पट्ट्यावर घासला, आणि कापल्याच्या जागेच्या बोटभर खाली करंगळी टेकवली. खुर्चीच्या पायाशी मोनाका येऊन बसली.

"हलू नकोस," तो म्हणाला.

नोबुहिको हलला नाही.